परसांतील शेजारी आणि ऋतूचा पालट

ह्या आठवड्याच्या पाठास पुस्तक लागत नाहीं. घराचें मागलें दार उघडावें, लिंबाच्या सांवलींत एक पोतें अंथरावें आणि अर्धा तास न बोलतां बसावें, इतकी तयारी पुरे. जवळ एक वही व पेन्सिल असली तर उत्तम. चैत्र सरून वैशाख तापूं लागला म्हणजे आमच्या दख्खनच्या खेड्यांत शेतकाम थोडें असतें, विहिरी खोल जातात, आणि दुपारच्या वेळीं माणसें घरांत पडून राहतात. परसांतील रहिवाशांस मात्र तशी सुटी नसते. कावळा, चिमणी, सरडा, मुंगी, खार, पाल, बेडूक ह्यांचें त्या दिवसांतलें प्रत्येक काम ऊन व पाणी ह्या दोहोंकडे पाहून चालतें. उन्हाळा उतरून पावसाळा लागेपर्यंतच्या ह्या दीड-दोन महिन्यांत त्यांचें अवलोकन करणें जितकें सोपें, तितकें दुसऱ्या कोणत्याही ऋतूंत नाहीं.

हा पोरखेळ आहे असें कोणी समजूं नये. अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड सॅम्युएल बेकन फेअरबँक हे नेवासें तालुक्यांतील वडाळें येथें पुष्कळ वर्षें राहिले. त्यांनीं खंडाळा, महाबळेश्वर, बेळगांव व अहमदनगर ह्या भागांतील पक्ष्यांची यादी १८७६ सालीं प्रसिद्ध केली. आणि दक्षिणेकडील पळणीच्या डोंगरांत राहणाऱ्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नांवांत त्यांचें नांव आजही आहे. दुसरे गृहस्थ एडवर्ड हॅमिल्टन एटकिन. हे १८५१ सालीं सातारा येथें एका स्कॉटिश मिशनऱ्याच्या घरीं जन्मले, आणि १८८३ सालीं मुंबईस जी नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली तिच्या आठ संस्थापकांपैकीं ते एक होते. त्याच सालीं त्यांचें जें पुस्तक बाहेर आलें तें वाघ-सिंहांविषयीं नव्हे, तर बंगल्यांतील व आवारांतील उंदीर, पाल, मुंगी, कावळा, बेडूक अशा शेजाऱ्यांविषयीं होतें. आमच्या परसांत जे आहेत, तेच हे.

पहिला धडा दुपारीं दोन वाजतां घ्यावा. न्हाणीच्या मोरीजवळ कावळा बसलेला दिसेल. त्याची चोंच उघडी असते, गळा थरथरत असतो, आणि पंख अंगापासून किंचित् दूर धरलेले असतात. लोक म्हणतात, तो तहानेनें आ वासून बसला आहे. तहान असेलच, पण चोंच उघडण्याचें कारण निराळें आहे. पक्ष्यास घाम येत नाहीं. आपल्या अंगावरचा घाम वाळतांना जशी उष्णता घेऊन जातो, तसें काम पक्षी आपल्या गळ्यांतील व श्वासमार्गांतील ओलाव्याकडून करवून घेतो. म्हणजे अंग थंड राखावयाचें तर त्याला अंगांतलें पाणी खर्चावें लागतें, आणि तें खर्चिलेलें पाणी कोठून तरी भरून काढावें लागतें. कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतो तोही ह्याच कारणानें. खारीची युक्ति वेगळी. ती गार फरशीवर पोट टेकून चारी पाय पसरते आणि अंगांतली ऊब जमिनीस देऊन टाकते. पाहणाऱ्यास ती मेली असें वाटतें. आमच्या धाकट्या मुलानें एकदां तिला पुरण्यासाठीं खड्डा खणावयास घेतला होता. तो पुरा होण्यापूर्वींच ती उठून कौलांवर गेली, आणि त्याला फार वाईट वाटलें.

सरड्याकडे मुलांचें लक्ष असतें, पण तें बहुधा दगडाच्या वाटेनें. सकाळीं तो कुंपणाच्या काठीवर ऊन खात बसतो, कारण त्याच्या अंगांत आपल्यासारखी स्वतःची ऊब नाहीं. दुपारीं तोच सांवलींत शिरतो. उन्हाळ्याच्या शेवटीं व पावसाच्या तोंडीं नराचें डोकें व गळा लालभडक होतो. तो लांबून माणसाचें रक्त शोषतो म्हणून लाल होतो, अशी समजूत पुष्कळ ठिकाणीं आहे, आणि तिच्यापायीं दर उन्हाळ्यांत शेंकडों सरडे ठेंचले जातात. वस्तुतः तो रंग मादीसाठीं व दुसऱ्या नरांस धाक देण्यासाठीं असतो. त्याचें खाणें म्हणजे किडे. पाऊस पडून माती मऊ झाली कीं मादी पुढच्या पायांनीं लहानसा खड्डा उकरते, त्यांत अंडीं घालते, माती लोटून डोक्यानें दाबते आणि निघून जाते. हा प्रकार पाहण्यास मिळाला तर मुलांच्या हातांतील दगड आपोआप खालीं पडतात, असा आमचा अनुभव आहे.

कुंपणापलीकडे पडीक जमीन असेल तर तेथें टिटवी असतेच. तिचें घरटें म्हणजे खड्यांमधील एक उथळ खळगा. अंडीं इतकीं मातकट ठिपक्यांचीं कीं पाय पडेपर्यंत दिसत नाहींत. थंडीच्या दिवसांत पक्षी अंड्यांस ऊब देतात. पण वैशाखांत उघड्या माळावर प्रश्न उलटा होतो. तेथें अंडें न उबण्याची भीति नाहीं, शिजण्याची आहे. म्हणून दुपारीं टिटवी अंड्यांवर बसत नाहीं, तर त्यांवर उभी राहून आपली सांवली पाडते. आणि अधूनमधून ती पाणवठ्यावर जाते, पोटाचीं पिसें पाण्यांत बुडविते, व तशीच ओली परत येऊन अंड्यांस लागते. आम्हीं हें प्रथम ऐकलें तेव्हां विश्वास ठेविला नाहीं. मग एका दुपारीं पाळकवाड्यामागच्या नाल्याच्या डबक्यापाशीं बसून स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें. डबकें आटलें म्हणजे तिला दूर जावें लागतें, आणि ती दूर असतां अंडीं उन्हांत उघडीं पडतात. परसांत ठेविलेल्या पाण्याचा उपयोग केवळ तहान भागविण्यापुरता नाहीं, हें येथें ध्यानांत यावें.

तें पाणी कसें ठेवावें ह्याविषयीं दोन शब्द सांगतों, कारण पुष्कळ जण चुकतात. खोल बादली ठेवूं नये. तींत पिलें बुडून मरतात. मातीचें परळ घ्यावें, पाणी दोन-तीन बोटें असावें, आणि मध्यें एक खडबडीत दगड ठेवावा, म्हणजे मधमाशीलाही उतरण्यास जागा होते. जागा सांवलीची, पण मांजरास दडतां येईल अशा झुडुपापासून चार हात लांब. परळ रोज काथ्यानें घासून पाणी बदलावें. न बदललें तर उन्हाळ्याच्या ऊबेंत आठ-दहा दिवसांत त्यांतून डांस उठतील, आणि पुण्य करावयास जाऊन घरांत ताप यावयाचा. आमच्या मंडळींतील एका वडील गृहस्थांनीं एकदां आम्हांस चारचौघांत सुनावलें कीं, माणसें टँकरच्या मागें धांवतात आणि पाळक चिमण्यांस पाजतात. त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. तेव्हांपासून आम्ही तांदूळ व भाजी धुतलेलें पाणी गाळून परळांत ओततों. साबणाचें मात्र कधींही ओतूं नये.

आतां पालटाकडे वळूं. मे महिन्याच्या उत्तरार्धांत कोणे एके दुपारीं वारा पडतो, अंगाची लाही होते, पश्चिमेकडे काळे डोंगर उभे राहतात आणि धुळीच्या लोटामागून वळीव येतो. वळवाच्या आदल्या व नंतरच्या दिवसांत परसांत जी धांदल उडते तीवरूनच आमच्या वाडवडिलांनीं पावसाच्या खुणा ठरविल्या. मुंग्या अंडीं घेऊन उंच निघाल्या, टिटवीनें बांधावर अंडीं घातलीं, कावळ्यानें अमुक झाडावर घर केलें, पावश्या ओरडूं लागला, चिमण्या धुळींत न्हाल्या. ह्या खुणांवर पेरणी करणारे शेतकरी अजून आहेत. आम्हीही त्यांतलेच होतों. त्याचें काय झालें तें येथें लिहितों, कारण तें न सांगतां पुढचा पाठ शिकविणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

२०२३ सालच्या जूनच्या पहिल्या रविवारीं उपासना झाल्यावर आमच्या मंडळींतील एक विधवा मावशी थांबून राहिल्या. त्यांची दोन एकर कोरडवाहू जमीन आहे. उसन्या पैशांनीं त्यांनीं कपाशीच्या बियांचीं चार पाकिटें आणून ठेविलीं होतीं. त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब, वळीव झाला. मुंग्या अंडी घेऊन भिंतीवर चढल्यात. टिटवीनं वरच्या बांधावर चार अंडी घातलीत. पावश्या तर पहाटंपासून 'पेर्ते व्हा' करतोय. लावून घेऊ का?" आम्हीं हंसून सांगितलें, "घ्या मावशी. इतके साक्षीदार एकदम खोटें बोलणार नाहींत."

मावशींनीं तीन दिवसांत बीं लावलें. एक हलकी सर आली, रोपें वर आलीं, आणि पुढें आकाश पितळेसारखें झालें. त्या वर्षीं मोसमी पाऊस मुंबईस २५ जूनला पोहोंचला. नेहमींची तारीख ११ जून आहे. आमच्याकडे तर तो त्यानंतरही रेंगाळला, आणि पुढें ऑगस्ट महिना देशांत १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत कोरडा ठरला. मावशींचीं रोपें दोन पानांवरच करपलीं. दुबार पेरणीस त्यांना पुन्हां पैसे उसने काढावे लागले. अर्धे आम्हीं दिले. ते त्यांनीं दिवाळींत, आम्ही नको म्हणत असतां, आमच्या उंबऱ्यावर ठेविले. ह्या सर्वांत त्या आम्हांस एका शब्दानेंही बोलल्या नाहींत. त्या बोलल्या असत्या तर बरें झालें असतें.

त्या वर्षापासून आम्ही साक्षीदारांची उलटतपासणी करूं लागलों. ती वाचकांपुढें ठेवितों.

टिटवीस पहिल्यानें बोलावूं. टिटवी जितकीं अंडीं घालील तितके महिने पाऊस, अशी खूण आहे. पण टिटवी बहुधा चारच अंडीं घालते, आणि आपल्याकडे पावसाळाही चारच महिन्यांचा म्हणतात. मग ही खूण चुकणार कशी? १९७२ सालीं महाराष्ट्रांत केवढा दुष्काळ पडला तें वडील माणसें सांगतात. पण त्या वर्षीं टिटवीनें अंडींच घातलीं नव्हतीं असें आम्हांस कोणीही सांगितलें नाहीं. तिचा वीण मार्चपासूनच सुरू होतो, तेव्हां जूनच्या पावसाची वार्ता तिच्यापाशीं असावयाची कोठून? बांध उंच किंवा सखल हेंही तिच्या मनांत नसतें. जेथें खडे आहेत, गवत नाहीं, आणि चोहोंकडे लांबपर्यंत दिसतें, ती जागा तिला पसंत पडते. खालचें शेत नांगरलेलें असेल तर ती वरच्या बांधावर जाईल.

कावळ्याची खूण अशी कीं, आंब्यासारख्या डेरेदार झाडावर घरटें असलें तर सुकाळ, बाभळीवर असलें तर दुष्काळ. आम्हीं आपल्या गांवचीं झाडें मोजलीं. आंबे तोडून झाल्यास बरींच वर्षें झालीं. उरल्या त्या बाभळी. कावळा बिचारा जाईल कोठें? त्याचें घरटें आमच्या कुऱ्हाडीविषयीं साक्ष देतें, ढगांविषयीं नव्हे. मात्र कावळा पावसाच्या थोडें आधीं घर बांधतो हें खरें आहे, आणि त्यास कारणही आहे: पिलांचीं तोंडें वाढूं लागतील त्या सुमारास किड्यांची सुगी यावी. हा त्याचा शेंकडों पिढ्यांचा नेम आहे. ह्या वर्षाचें भविष्य नव्हे. कोकिळेस हा नेम चांगला ठाऊक आहे, म्हणून ती त्याच वेळीं आपलीं अंडीं त्याच्या घरांत ठेवून मोकळी होते.

पावश्याचें प्रकरण अधिक गंमतीचें आहे. तो 'पेर्ते व्हा' म्हणतो असें मराठी शेतकऱ्याच्या कानांस वाटतें. त्याच ओरडण्यांत हिंदी माणसास प्रियकर कोठें आहे असा प्रश्न ऐकूं येतो, आणि इंग्रज साहेबांस मेंदूच्या तापाचें नांव ऐकूं येत असे. पक्षी एकच, सूर एकच. शब्द ज्याचे त्याच्या मनांतले. पावश्या उन्हाळा चढूं लागतांच ओरडावयास लागतो आणि पावसाळ्यांतही ओरडत असतो, चांदण्या रात्रीं तर झोंप येऊं देत नाहीं. तो मादीस हांक मारीत असतो, आणि त्याची मादी सातभाईंच्या घरट्यांवर डोळा ठेवून असते. पाऊस वेळेवर आला तर आपण म्हणतों, त्यानें सांगितलें होतें. न आला तर त्याची आठवण कोणी काढीत नाहीं.

चिमणीचें धुळींत न्हाणें तर बारमाही आहे. पिसांतील तेलकटपणा व उवा घालविण्याची ती तिची रीत होय.

मुंग्यांविषयीं मात्र थोडें थांबून बोलावें लागेल. त्या तोंडांत धरून नेतात ते पांढरे तांदुळाएवढे दाणे फार करून अंडीं नसतातच. खरें अंडें खसखशीहून लहान असतें. ते दाणे म्हणजे मुंगीच्या अळ्या व कोश, म्हणजेच तान्हीं लेंकरें. त्यांना ठरावीक ऊब व ठरावीक ओल लागते. वारूळ फार तापलें कीं मुंग्या त्यांस खोल नेतात. खालीं ओल चढली कीं वर आणतात. तेव्हां मुंगी खोटें बोलत नाहीं. पण ती जें सांगते तें इतकेंच कीं, ह्या ठिकाणीं, माझ्या पायांखालीं, आतां ओल बदलली आहे. गेल्या वर्षीं आम्हीं केळीच्या आळ्यांत चार घागरी पाणी सोडलें. थोड्याच वेळांत भिंतीलगतच्या मुंग्या लेंकरें घेऊन रांगेनें वर निघाल्या. आकाशांत ढगाचा ठिपकाही नव्हता. मावशींच्या भिंतीवर त्या वर्षीं मुंग्या चढल्या त्या होऊन गेलेल्या वळवामुळें. येणाऱ्या मृगाची त्यांस खबर नव्हती.

चातकाची साक्ष ह्या सर्वांहून वजनदार. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा असलेला हा पक्षी आमच्याकडे उन्हाळ्याच्या अखेरीस येतो, आणि तो बहुतांशीं आफ्रिकेकडून समुद्रावरून येणाऱ्या मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. पावसाच्या थेंबावांचून तो दुसरें पाणी पीत नाहीं ही कवींची गोष्ट. तो केंसाळ सुरवंट आवडीनें खातो आणि त्यांतूनच त्यास पुष्कळ ओलावा मिळतो. तरी चातक दिसला म्हणजे नैऋत्येचे वारे सुरू झाले असें अनुमान चुकीचें नव्हे. अडचण एवढीच कीं, वारा येणें व पाऊस पडणें ह्या आमच्या भागांत दोन गोष्टी आहेत. सह्याद्रि आपल्या माथ्यावरच ढग पिळून घेतो. महाबळेश्वरीं वर्षास पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. नगरकडच्या मैदानांत सहाशेंच्या आसपास, आणि तोही पडला तर. चातकानें आणलेला वारा आमच्या डोक्यावरून कोरडाच निघून जातो, हें आम्हीं किती वेळां पाहिलें!

ह्यावरून वडिलांची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. त्यांनीं पाहिलें तें बरोबर पाहिलें. मुंगी वर चढतेच, कावळा घर बांधतोच. आज आमच्यापैकीं कितीजण तेवढें तरी पाहतात? चूक झाली ती पाहिलेल्यावरून पुढचें ठरविण्यांत. परसांतील जीव आजचें हवामान फार बारकाईनें सांगतात. पंधरा दिवसांनंतरचें त्यांस विचारूं नये. त्यासाठीं हवामान खात्याचा कृषि-सल्ला मंगळवारीं व शुक्रवारीं निघतो, तो मोबाइलवर मिळतो. ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांस उपदेशकांनीं वाचून दाखवावा. आणि पेरणी, पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस प्रत्यक्ष पडून जमीन भिजल्यावांचून करूं नये, असें कृषि खातें दरवर्षीं सांगतें. मिलिमीटर कसे मोजावे म्हणून कोणी घाबरूं नये. तोंड व बूड सारख्याच रुंदीचें असलेला पत्र्याचा डबा परसांत उघड्यावर, झाडापासून व वळचणीपासून दूर ठेवावा. रोज सकाळीं साडेआठ वाजतां, हवामान खातेंही त्याच वेळीं मोजतें, शाळेची पट्टी आंत उभी धरून पाणी मोजावें, वहींत लिहावें, आणि डबा ओतून टाकावा. आंकड्यांची बेरीज करीत जावें.

पहिला खरा पाऊस पडेल त्या संध्याकाळीं घरांतील दिवा मालवून परसांतला एक लावावा. जमिनीच्या भेगांतून पंख फुटलेली वाळवी धुरासारखी वर येते. एकाच वेळीं सर्व वारुळांतून ती निघते, कारण ओल्या मातीवांचून तिच्या जोडप्यांस नवें घर खणतां येत नाहीं. मग जी जेवणावळ उठते ती पाहून घ्यावी! कोतवाल व कावळा उजेड असेतों, नंतर पाल, वटवाघूळ, आणि इतके महिने मातीखालीं निपचित पडलेला भेग. सकाळीं उंबऱ्याशीं पंखांचा ढीग असतो. हजारांतून एखादें जोडपें वांचून जमिनींत शिरतें आणि तेवढ्यानें पुढचें वारूळ उभें राहतें. त्याच सकाळीं शेंदरी मखमलीचा मृगाचा किडा मातीवर फिरतो. त्याचे पाय मुलांकडून मोजवावे. आठ भरतील, म्हणजे तो किड्यांच्या जातीचा नसून कोळ्याच्या नात्यांतला आहे. तो कोणास चावत नाहीं.

मोठा बेडूक एरवीं मळकट हिरवा असतो. पहिल्या पाण्यांत नर हळदीसारखा पिवळा होतो आणि त्याच्या गळ्याच्या दोहों बाजूंस निळे फुगे येतात. बेडूक आकाशांतून पडत नाहींत. ते येथेंच, आमच्या पायांखालीं होते. बेडूक तोंडानें पाणी पीत नाहीं. तें त्याच्या कातडींतून आंत जातें, आणि उन्हांत त्याच वाटेनें बाहेर निघून जातें. कित्येक गांवीं पाऊस ओढला कीं पोरें बेडूक बांधून दारोदार फिरवितात. लोकांची कळकळ आम्ही जाणतों, पण तो प्राणी उन्हांत फार वेळ जगत नाहीं एवढें त्या पोरांस कोणी तरी सांगावें.

बेडकामागें उंदीर, आणि दोहोंमागें साप. बिळांत पाणी शिरलें कीं तेही कोरडी जागा शोधीत घराकडे येतात. नाग, मण्यार, घोणस व फुरसें हे चार ओळखून असावें. ह्यांतील मण्यार रात्रीं जमिनीवर निजलेल्यास चावते आणि दुखत जवळजवळ नाहीं. पहाटे पोटांत कळ येते किंवा पापण्या जड होतात, तेव्हां घरचीं माणसें अजीर्ण समजतात. म्हणून मृग लागल्यापासून खाटेवर निजावें, मच्छरदाणी गादीखालीं खोंचावी, आणि रात्रीं दिव्यावांचून परसांत जाऊं नये. दंश झालाच तर दोरी आवळूं नये, जखम कापूं नये, मंत्र्याकडे वेळ घालवूं नये. अवयव न हलवितां थेट सरकारी दवाखाना गांठावा. विंचवाच्या दंशासही हेंच लागू आहे. महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर ह्यांनीं प्राझोसिन हें औषध विंचूदंशावर उपयोगी पडतें हें दाखवून दिलें, आणि पूर्वीं कोंकणांत ह्या दंशानें जीं लेंकरें दगावत, त्यांपैकीं पुष्कळ आज वांचतात. पण तीं वेळेवर पोहोंचलीं तर.

राहिली वही. रविवारच्या शाळेंतील प्रत्येक मुलास एकेक प्राणी वांटून द्यावा, आणि वहीच्या पानावर मधोमध रेघ मारावी. डाव्या बाजूस 'पाहिलें', उजव्या बाजूस 'ऐकलें'. तारीख, वेळ, वारा कोणीकडचा, ऊन कीं ढग, आणि प्राणी काय करीत होता, इतकें डाव्या बाजूस. आजोबा काय म्हणाले तें उजव्या बाजूस. उजवी बाजू खोडावयाची नाहीं. पावसाळा संपल्यावर दोन्ही बाजू समोरासमोर वाचावयाच्या. आमच्या गांवीं हें तिसरें वर्ष आहे. पहिल्या वर्षीं मुलांनीं डाव्या बाजूस जें लिहिलें त्यांतलें निम्मेंअधिक उजव्या बाजूचें निघालें, आणि त्यांत आमच्याही दोन नोंदी होत्या.

मावशींस लिहितां येत नाहीं. त्यांच्या परसांत मात्र आतां तुपाचा एक जुना डबा दगडांनीं टेकवून ठेविलेला आहे, आणि आंकडे त्यांची नात कोळशानें भिंतीवर लिहिते. गेल्या जूनमध्यें आम्ही त्यांच्याकडे गेलों तेव्हां चार दिवस चांगल्या सरी झाल्या होत्या, शेजारच्यांनीं पाभरी जुंपल्या होत्या, आणि बांधावरच्या बाभळींत पावश्या एकसारखा ओरडत होता. आम्हीं विचारण्यापूर्वींच त्यांनीं भिंतीकडे बोट केलें. "बासष्ट झाल्यात, पाळकसाहेब," त्या म्हणाल्या. "अजून थांबते."